डीएनए दुरुस्तीचा शोध : सुरुवात न जुळणाऱ्या आकड्यांपासून

नेटच्या तयारीसाठी कुठलंही पुस्तक उघडा, क्रम ठरलेला असतो. आधी डीएनएची रचना, मग रेप्लिकेशन, मग म्युटेशन आणि शेवटी डीएनए रिपेअर, जे बहुतेकांनी परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी राखून ठेवलेलं असतं. शिकवायला हा क्रम सोयीचा आहे. पण तो वाचून असं वाटतं की शोधही याच क्रमाने लागले असावेत. तसं झालेलं नाही. पेशी अतिनील किरणांनी झालेली इजा भरून काढते, याचा ठोस पुरावा १९४९ मध्येच छापून आला होता. वॉटसन आणि क्रिक यांचा दुहेरी सर्पिल यायला तेव्हा अजून चार वर्षं होती. म्हणजे दुरुस्ती आधी सापडली आणि दुरुस्त नेमकं काय होतंय हे नंतर कळलं.

हे घडलं न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये. स्ट्रेप्टोमायसिन नुकतंच हाती आलं होतं आणि नव्या अँटिबायोटिक्सचा शोध जोरात होता. अल्बर्ट केलनर यांचं काम साधंच होतं : स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूच्या बीजाणूंवर यूव्ही सोडायचे, म्युटंट मिळवायचे आणि त्यातून काही नवीन औषध निघतंय का ते बघायचं. त्यासाठी यूव्हीच्या ठरावीक डोसनंतर किती बीजाणू जगतात हे माहीत हवं. हाच आकडा स्थिर राहीना. डोस तोच, स्ट्रेन तोच, तरी एका वेळी जवळपास सगळे मेलेले आणि दुसऱ्या वेळी कितीतरी जास्त जिवंत.

अशा वेळी आपण काय करतो हे सांगायला नको. जास्त विचित्र रीडिंग आउटलायर म्हणून बाजूला काढतो आणि एरर बार जरा लांब ठेवतो. केलनर मात्र त्या फरकाच्याच मागे लागले. त्यांना पहिला संशय तापमानाचा आला, कारण यूव्ही दिल्यानंतर नमुने कुठे आणि किती गरम जागी ठेवले यावर फरक पडत असावा असं दिसत होतं. म्हणून त्यांनी तापमान नेमकं राखायला काचेचा वॉटर बाथ वापरला. तरी आकडे जुळेनात. तो बाथ खिडकीजवळ होता आणि काही नमुन्यांवर उजेड पडत होता. मग त्यांनी एकाच नमुन्याचे दोन भाग केले, एक अंधारात ठेवला, एक उजेडात. यूव्हीनंतर साधा दृश्य प्रकाश मिळालेल्या बीजाणूंची जगण्याची टक्केवारी लाखपटीपेक्षा जास्त वाढली. दुप्पट-तिप्पट असती तर एखादवेळी दुर्लक्ष झालं असतं. लाखपटीकडे कोण कसं दुर्लक्ष करणार?

याला फोटोरीअॅक्टिव्हेशन म्हणतात. आजही यूव्ही दिलेल्या ई. कोलायच्या प्लेट्स फॉइलमध्ये गुंडाळून ठेवतात, ते याचसाठी.

त्याच सुमारास इंडियाना विद्यापीठात साल्वादोर लुरिया यांच्या प्रयोगशाळेत रेनातो दुलबेक्को यूव्हीने निकामी केलेल्या बॅक्टेरिओफेजवर काम करत होते. ट्यूबलाइटखाली एकावर एक रचलेल्या प्लेट्सपैकी वरच्यांवर प्लाक जास्त, खालच्यांवर कमी. इथेही कारण तेच, उजेड. पण दुलबेक्को यांच्या कामातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. फेज जिवाणूला चिकटल्यानंतरच प्रकाशाचा उपयोग होतो, नुसत्या फेजवर होत नाही. म्हणजे दुरुस्तीची यंत्रणा पेशीकडे आहे.

खरं तर असं काहीतरी आधीही दिसलं होतं. १९३३ मध्ये जर्मनीत केळ्याच्या सालीवर प्रयोग झाले होते : यूव्हीने साल तपकिरी होते, पण लगेच दृश्य प्रकाश मिळाला तर ते टळतं. त्या निबंधाला कुणी जनुकांशी जोडलं नाही. केळ्याच्या सालीवरून जनुकांपर्यंत कोण जाणार!

केलनर यांच्या शोधानंतरही जनुकशास्त्राने याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मला वाटतं अडचण कल्पनेची होती. जनुक ही टिकाऊ गोष्ट मानली जात होती. टिकाऊ वस्तूला दुरुस्ती कशाला? स्वतः क्रिक यांनी १९७४ मध्ये मागे वळून बघताना कबूल केलं की दुरुस्ती करणाऱ्या एन्झाइम्सची शक्यता त्यांच्या पूर्णपणे नजरेतून सुटली होती. त्याच ठिकाणी त्यांनी क्लॉड रूपर्ट यांच्या कामाचं कौतुक केलं आहे.

ते कौतुक योग्यच आहे. प्रयोगाची आखणी शिकायची असेल तर जॉन्स हॉपकिन्समधला रूपर्ट आणि सहकाऱ्यांचा १९५८ चा निबंध जरूर वाचा. हिमोफिलस नावाच्या जिवाणूला बाहेरून डीएनए दिला की तो घेतो आणि त्यातला गुण, उदाहरणार्थ स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणं, त्याच्यात उतरतो. त्या डीएनएवर आधी यूव्ही सोडले तर ही क्षमता जाते. गंमत म्हणजे हिमोफिलसला स्वतःला फोटोरीअॅक्टिव्हेशन जमत नाही. म्हणून रूपर्ट यांनी बिघडलेला डीएनए ई. कोलायच्या पेशी फोडून काढलेल्या अर्कात मिसळला, उजेडात ठेवला आणि मग हिमोफिलसला दिला. गुण परत आला. अंधारात ठेवल्यास नाही. परीक्षकच दुरुस्ती करू शकत नाही, त्यामुळे दुरुस्ती टेस्ट ट्यूबमध्येच झाली हे पक्कं. एका झटक्यात दोन गोष्टी कळल्या : इजा डीएनएवर होते आणि ती काढणारा पदार्थ पेशीच्या अर्कात असतो. पुढे साध्या बेकरीच्या यीस्टमध्येही तो एन्झाइम सापडला.

इजा कसली, हे १९६० मध्ये नेदरलँड्समध्ये समजलं. शेजारचे दोन थायमिन यूव्हीमुळे एकमेकांना चिकटतात, थायमिन डायमर बनतो. प्रकाश आणि एन्झाइम मिळून ही गाठ जागेवरच सोडवतात. मग अंधारात जगणाऱ्या पेशींचं काय? १९५८ मध्ये रूथ हिल यांनी ई. कोलायचा यूव्हीला फार हळवा असलेला म्युटंट शोधला होता. १९६४ मध्ये ओक रिजला सेटलो आणि कॅरियर यांनी तो चिवट स्ट्रेनशेजारी ठेवून तुलना केली. आम्लात लांब डीएनए खाली बसतो, छोटे तुकडे विरघळलेले राहतात. चिवट स्ट्रेनमध्ये डायमर लांब डीएनएमधून नाहीसे होऊन छोट्या तुकड्यांत दिसू लागले. हळव्या स्ट्रेनमध्ये ते होते तिथेच राहिले. बिघडलेला भाग कापून काढणं, म्हणजे एक्सिजन रिपेअर, ते हेच. त्याच वर्षी येलमध्ये बॉइस आणि हॉवर्ड-फ्लँडर्स यांनाही हेच दिसलं, आणि स्टॅनफर्डमध्ये पेटिजॉन आणि हॅनावॉल्ट यांनी कापलेल्या जागी घातलेलं ठिगळ दाखवलं.

इथपर्यंत सगळं जिवाणूंचं होतं. कॅलिफोर्नियात जेम्स क्लीव्हर यांनी वर्तमानपत्रात झिरोडर्मा पिगमेंटोसम या आजाराबद्दल वाचलं. या आजाराच्या मुलांना ऊन सोसत नाही आणि त्वचेचा कॅन्सर लहानपणीच होतो. क्लीव्हर यांनी रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवून ठिगळ लावण्याची क्रिया मोजली. ती फारच कमी भरली. निबंध १९६८ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. फोटोरीअॅक्टिव्हेशनची सोय माणसाला नाही, तो एन्झाइमच आपल्याकडे नाही. कापून काढण्याचा रस्ता बंद पडला की या मुलांकडे डायमर काढायचा दुसरा उपाय उरत नाही.

रूपर्ट पुढे डॅलसला गेले. तिथे तुर्कस्तानातून आलेले, शिक्षणाने डॉक्टर असलेले अझीझ संजार त्यांचे विद्यार्थी झाले आणि १९७६ मध्ये त्यांनी फोटोलायेजचं जनुक क्लोन केलं. एवढं करूनही पोस्टडॉकचे तिन्ही अर्ज नाकारले गेले, म्हणून ते येलमध्ये लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाले. कापणारी प्रथिनं त्यांनी तिथेच वेगळी काढायला घेतली. २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये लिंडाल आणि मॉड्रिच यांच्यासोबत त्यांचं नाव आहे. नॉर्थ कॅरोलायनात स्वतःची लॅब मिळाल्यावर ते पुन्हा फोटोलायेजकडे वळले. या एन्झाइममध्ये प्रकाश शोषणारे दोन रेणू असतात : एक प्रकाश गोळा करून दुसऱ्याला देतो, आणि दुसरा डायमरला इलेक्ट्रॉन देऊन गाठ सोडवतो. केलनर यांच्या वॉटर बाथवर पडणारा उजेड बीजाणूंच्या आत याच कामी येत होता.