चावडीवरील तपासणी

इ. स. १८७५ च्या मे महिन्याची १२ तारीख. पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवीं त्या दिवशीं आठवड्याचा बाजार भरला होता. कऱ्हाकांठचे आणि भीमाकांठचे शेतकरी नेहमींप्रमाणें बाजाराला आले. परंतु पाहतां पाहतां त्या बाजाराचा दंगा झाला. सावकारांचीं घरें व दुकानें फोडण्यांत आलीं. मात्र त्या जमावाला मुख्यत्वें हवें होतें तें सोनेंनाणें नव्हे, तर खतें आणि रोखे. जेथें सावकारानें कागद निमूटपणें काढून दिले, तेथें बहुधा अंगाला हात लागला नाहीं. कागदांची होळी झाली कीं जमाव पांगे.

सुपें तेव्हां भीमथडी तालुक्यांत मोडत असे. आजच्या दौंडचें ठाणेंहि त्याच तालुक्यांतलें. या दंग्याची पहिली ठिणगी मात्र त्याआधीं सुमारें पांच महिने, १८७४ च्या डिसेंबरांत, शेजारच्या शिरूर तालुक्यांत करडें या गांवीं पडली होती. तेथें एका सावकारानें कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या जोरावर देशमुखाचें राहतें घर पाडविलें आणि गांवानें त्या सावकारावर बहिष्कार घातला. करड्यांत बहिष्कार आणि सुप्यांत होळी, अशी ही परंपरा आहे. पुढें ती दक्षिणेंतील इतर गांवांतहि पसरली आणि इतिहासांत 'दख्खनचे दंगे' या नांवानें नमूद झाली.

या दंग्यांचीं कारणें अनेक होतीं. कापसाचे उतरलेले भाव, वाढलेला सारा, व्याजाचा चढता दर, हीं सर्व विद्वानांनीं सांगितलींच आहेत. परंतु कागदच कां जाळले, या प्रश्नाचें उत्तर निराळें आहे. कर्जदार निरक्षर, वही सावकाराच्या घरांत, मुद्दल किती, फेड किती, बाकी किती, याचा सारा हिशेब एकाच पक्षाच्या हातीं. आंकडा खरा असेल वा खोटा असेल. पण तो पडताळून पाहण्याची सोयच कर्जदाराला नव्हती. ज्या कागदाची तपासणी करतां येत नाहीं, त्यावर विश्वास तरी कसा बसावा? तो मान्य करणें किंवा जाळणें एवढे दोनच मार्ग त्याच्यापुढें उरले.

सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमलें आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यांतील कांहीं कलमें आजहि मनन करण्याजोगीं आहेत. शेतकऱ्यानें करून दिलेलें खत गांवच्या नोंदणी-अधिकाऱ्यासमोर व्हावें, भरलेल्या पैशाची पावती मिळावी, मागितल्यास वर्षाच्या हिशेबाचा उतारा मिळावा, पासबुकांत बाकी लिहून द्यावी आणि वाद कोर्टांत गेला तर न्यायाधीशानें खतावरील आंकड्यावर न थांबतां व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास पाहावा. या कायद्यानें दारिद्र्य हटलें नाहीं. परंतु एक तत्त्व मात्र मान्य झालें. ज्याच्यावर हिशेबाचा परिणाम होतो, त्याला तो हिशेब पाहण्याचा हक्क आहे.

सुमारें सव्वाशें वर्षांनंतर हाच प्रश्न अगदीं निराळ्या क्षेत्रांत उभा राहिला. संगणकाला काय करावें हें सांगणाऱ्या सूचनांच्या संचाला आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. मोठ्या आज्ञावलींत अशा सूचना लक्षावधि असतात आणि एका ठिकाणीं केलेली दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणीं बिघाड करूं शकते. म्हणून प्रत्येक बदलानंतर यंत्राकडूनच तपासणी करून घेण्याची रीत पडली. समजा, व्याज काढणारी आज्ञावली आहे. तिला शंभर रुपये मुद्दल, दर साल शेंकडा बारा दर आणि एक वर्ष मुदत दिली, तर मुद्दल व व्याज मिळून उत्तर एकशें बारा आलें पाहिजे. असें अपेक्षित उत्तर आधींच लिहून ठेवतात. यंत्र आज्ञावली चालवून पाहतें, दोन्ही उत्तरें ताडतें आणि 'पास' किंवा 'नापास' असा शेरा मारतें. अशा हजारों चाचण्या कांहीं मिनिटांत होऊं शकतात.

प्रश्न उरतो तो निकालाचा. तो कोणीं पाहावा? पुष्कळ वर्षें त्याचें उत्तर सरळ होतें. ज्या कंपनीची आज्ञावली, तिच्याच कचेरींत निकाल राहावयाचा. ग्राहकाला माल मिळे, तपासणीची वही मिळत नसे. यांत नेहमींच लबाडी असे असें नव्हे. प्रतिस्पर्ध्याला आपले दोष कां दाखवावेत, ही व्यापाऱ्याची भीति स्वाभाविक आहे. परंतु ज्या आज्ञावली ठिकठिकाणचे स्वयंसेवक मिळून रचूं लागले, त्यांना ही रीत चालेना. हेलसिंकींत बसलेल्या माणसानें केलेला बदल पुण्यांतल्या यंत्रावर चालतो कीं नाहीं, हें दोघांनाहि दिसलें नाहीं, तर काम पुढें कसें जावें?

१९९८ हें साल या बाबतींत महत्त्वाचें ठरलें. त्या वर्षीं ३१ मार्च रोजीं नेटस्केप कंपनीनें आपल्या जाळेंदर्शकाची मूळ संहिता सर्वांना खुली केली आणि मोझिला हा प्रकल्प सुरू झाला. त्याबरोबर टिंडरबॉक्स नांवाचा एक निकालफलकहि लोकांसमोर आला. निरनिराळीं यंत्रें अखंड आज्ञावली बांधून पाहत आणि फलकावर रंग उमटे: बांधणी जमली तर हिरवा, मोडली तर तांबडा, बांधणी होऊन चाचणी फसली तर नारिंगी. कोणाच्या बदलानंतर रंग पालटला हें त्याच तक्त्यावरून कळे. त्याच वर्षीं पर्ल या संगणकीय भाषेच्या मंडळींत सीपॅन टेस्टर्स हा उपक्रम निघाला. येथें तर परीक्षकहि स्वयंसेवकच. आपापल्या घरच्या यंत्रावर ते इतरांच्या आज्ञावली तपासून पाहत आणि निकाल एका सामायिक दप्तरांत धाडीत. लिनक्स या आज्ञावलीच्या गाभ्यासाठीं तसाच प्रयत्न २०१४ पासून कर्नल सी. आय. या नांवानें चालू झाला.

या साऱ्याशीं मराठी वाचकाचा संबंध काय, असें कोणी विचारील. तो संबंध एका अक्षरापाशीं येऊन ठेपतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोलगट जागा. 'आचार्यांना' दक्षिणा देतात आणि 'आचाऱ्यांना' स्वयंपाकाची मजुरी. रफार आणि हा आडवा अर्धा र यांतील भेद मराठीला जीवनावश्यक आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाहीं. 'शेतकऱ्यांचा' हा शब्द, कऱ्हा ही नदी, बोऱ्हाडे किंवा गोऱ्हे हीं आडनांवें या एका चिन्हावांचून लिहितां येत नाहींत.

संगणकावर हें चिन्ह उमटविण्यास तीन गोष्टींचा मेळ लागतो: अक्षरांचे सांकेतिक क्रमांक, टंक आणि त्या दोहोंमधून जोडाक्षराची आकृति घडविणारी आज्ञावली. क्रमांकांची युनिकोड ही जागतिक पद्धति १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. २००४ सालीं रेड हॅट कंपनीनें लोहित हे भारतीय लिप्यांचे टंक मुक्त परवान्यानें खुले केले आणि पुण्यांतील अभियंत्यांनीं त्यांची देखभाल केली. आकृति घडविणाऱ्या आज्ञावलींपैकीं हार्फबझ ही आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस यांत वापरांत आहे. तिचें नांव 'खुलें अक्षर' अशा अर्थाच्या फारसी शब्दांवरून आलेलें आहे.

हार्फबझचे कर्ते बेहदाद एस्फाहबोद यांनीं २०१२ च्या सुमारास भारतीय लिप्यांसाठीं एक मोठी तपासणी चालविली. विकिपीडियांतून शब्दांच्या याद्या काढल्या. एकट्या देवनागरीची यादी सात लाखांहून अधिक शब्दांची होती. प्रत्येक शब्द हार्फबझकडून आणि मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइबकडून घडवून घेतला आणि आकृति ताडून पाहिल्या. किती शब्द जुळले आणि किती फसले, हा आंकडा ते प्रत्येक दुरुस्तीच्या टिपणांत लिपीवार लिहून ठेवीत. आणि तें टिपण कोणालाहि वाचतां येई. नापासांची संख्या कशी उतरत गेली, याचा तो जाहीर रोजमेळच झाला.

परंतु येथेंच यंत्राची मर्यादाहि दिसते. दोन आकृति जुळत नाहींत एवढेंच यंत्र सांगतें. बरोबर कोणती, हें वाचणाऱ्या माणसानेंच सांगावें लागतें. कित्येक ठिकाणीं चूक युनिस्क्राइबची निघे. शिवाय ज्या यादींत मराठी शब्दच नाहींत, ती यादी शंभर टक्के पास झाली तरी मराठीची हमी देत नाहीं. पडद्यावर 'शेतकऱ्यांचा' या शब्दांत पाय मोडलेला र दिसला, तर तो दोष आहे हें शिरूरच्या किंवा दौंडच्या शाळेंतील मुलगाहि सांगेल. दूरदेशींच्या प्रवीण अभियंत्याला तें कळणार नाहीं. निकाल खुला ठेवण्याचें खरें प्रयोजन हें आहे. दोष ओळखणारा डोळा कोणाचा असेल, हें आधीं सांगतां येत नाहीं.

अर्थात् निकाल नुसते उघडे टाकल्यानें काम भागत नाहीं. चाचणी कधीं विनाकारण नापास होते आणि पुन्हां चालविली कीं पास होते. अशा खोट्या हांका वाढल्या म्हणजे लोक तांबड्या रंगाकडेहि दुर्लक्ष करूं लागतात. तांत्रिक परिभाषेंतील हजारों ओळींचा अहवाल म्हणजे निरक्षर कुळापुढें ठेवलेली सावकाराची वहीच होय. म्हणून निकालाबरोबर कोणतें यंत्र, कोणती आवृत्ति, काय दिलें आणि काय आलें, हेंहि लिहावें लागतें, म्हणजे दुसऱ्याला तोच प्रयोग करून पाहतां येतो. आणखी एक अपवाद सुज्ञांनीं मानला आहे. ज्या दोषांतून चोराला वाट मिळेल, तो दुरुस्ती होईपर्यंत जाहीर करीत नाहींत. मात्र दुरुस्तीनंतर तो सांगून टाकतात.

शिरूर आणि दौंडच्या शेतकऱ्याला या तत्त्वाचा प्रत्यक्ष अनुभव आला तो सातबाऱ्याच्या उताऱ्यांत. सातवा नमुना जमिनीवरील हक्काचा आणि बारावा पिकांचा. महाराष्ट्र सरकारनें हे हस्तलिखित उतारे संगणकावर घेतले. लक्षावधि नोंदी पुन्हां उतरवितांना चुका होणें अटळ होतें. कोठें क्षेत्राचा आंकडा बदलला, कोठें वारसाचें नांव गळलें. कांहीं चुका यंत्र पकडूं शकतें. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशीं जुळत नसेल तर तें लगेच कळतें. पण गळलेला भाऊ यंत्राला कसा ठाऊक असणार? आडनांवाचें अक्षरहि असेंच. आडवा अर्धा र युनिकोडांत दोन रीतींनीं लिहितां येतो; दिसण्यांत दोन्ही सारखेच, पण तशी सोय केली नसेल तर शोध घेणारें यंत्र त्यांना दोन निराळीं नांवें समजतें. नांव सांपडलें नाहीं, तर पीककर्जाचा अर्ज अडून बसतो.

२०१७ सालीं राज्यभर चावडीवाचन करण्यांत आलें. संगणकांतील सातबारा गांवकऱ्यांसमोर ठेवावा, वाचून दाखवावा आणि ज्याची हरकत असेल त्यानें ती नोंदवावी, अशी ती योजना. गांवाला ती अगदींच नवी नव्हती. फेरफाराची नोंद चावडीवर लावावी, संबंधितांना लेखी कळवावें आणि हरकती वेगळ्या वहींत नोंदवाव्या, असें १९६६ च्या जमीन महसूल संहितेंतहि सांगितलेलेंच आहे. या दुरुस्त्यांनंतर १ मे २०१८ रोजीं डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उतारे देण्यास सरकारनें प्रारंभ केला.

सुप्याच्या बाजारांतील शेतकऱ्याला वही पाहतां आली नाहीं, म्हणून त्यानें ती जाळली. त्याच्या पणतवाला उतारा चावडीवर ऐकतां आला आणि चूक असल्यास हरकत घेतां आली. या दोन प्रसंगांमधील अंतर केवळ यंत्रानें तोडलें असें म्हणतां येणार नाहीं. यंत्र सावकाराच्या माजघरांतहि बसवितां आलें असतें. तपासणीचा निकाल ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढें ठेवण्याची तयारी झाली, तेव्हां हें अंतर तुटलें. आज व्याज, पीकविमा, रेशन आणि मतदारांच्या याद्या या साऱ्या आज्ञावलींच्या स्वाधीन झाल्या आहेत. त्यांच्या चाचण्यांचे निकाल कोणत्या चावडीवर लावलेले आहेत, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांनीं विचारूं लागण्यास आतां हरकत नाहीं.