कामगारांची सहल आणि श्रेणींची लेणी



मी इतिहासाचा पंडित नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि त्यातले पुष्कळसे रात्रपाळीहून आल्यावर. तेव्हा मी आपणांस इतिहास सांगावा हे धाडसच आहे. परंतु विषय प्रवासाचा आहे, आणि थोड्या पैशांत प्रवास कसा करावा याचा अनुभव मजपाशी भरपूर आहे.

कामगार आणि सहल हे शब्द एका वाक्यात आले की लोकांना अजून हसू येते. मी ज्या कारखान्यात होतो तेथे दोन दिवसांची रजा मागितली की साहेब विचारीत, "कोण वारलं?" कोणी वारलेले नाही, डोंगर पाहायला जायचे आहे, असे सांगण्याची कोणाची छाती नव्हती. रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला. त्यातले उतारू मात्र होते तेथेच आहेत. त्यांना खरा आधार एस. टी.चा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर तिची पहिली गाडी धावली. २०२३ सालापासून बायकांना तिच्यात अर्धे तिकीट झाले, म्हणून आमच्या सहलीत आता त्याही असतात, आणि भाकऱ्या बांधून आणण्याची पाळी पुरुषांवरही येते.

२००९ साली आम्ही पहिली सहल काढली ती मात्र हौसेने नव्हे. त्या वर्षी आमच्या यंत्रमाग कामगारांच्या ठेवी एका पतसंस्थेत बुडाल्या. पैसे तेथे ठेवा असे त्यांना सांगणारा मीच. तोंडावर कोणी काही बोलले नाही, तेच फार लागले. सभेला माणसे येईनाशी झाली. तेव्हा एक जुना सभासद म्हणाला, "भाऊ, सभा नको. कुठंतरी जाऊ या." निघालो चौदा जण.

वाट अशी धरावी. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या गाडीने वैशाखऱ्यास उतरावे आणि तेथून नाणेघाट चढावा. सोपारा-कल्याण बंदरांत उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच घाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे. माथ्यावर एक दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या हजारोंनी गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे, सर्वांची त्यात गणती आहे, आणि ती आकड्यांत आहे. आपण रोज लिहितो त्या आकड्यांचे हे पूर्वज. राजघराण्यातील मंडळींचे पुतळे होते, त्यांची आता नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. घाट ज्यांनी फोडला त्यांच्याविषयी एक अक्षर नाही.

माथ्यावरच्या घाटघरहून जुन्नरला एस. टी. मिळते. जुन्नरभोवती मानमोडी, शिवनेरी, तुळजा, लेण्याद्री अशा डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. अष्टविनायकांपैकी एक म्हणून लेण्याद्रीला गर्दी असते. पण गणपतीचे दर्शन झाले की लोक पायऱ्या उतरू लागतात. शेजारच्या चैत्यगृहात डोकावणारा विरळा. ते चैत्यगृह सुलसदत्ताने दिले. तो कोठला? तर कल्याणचा. आम्ही सकाळी ज्या गावात गाडीत बसलो, तेथला.

पण जुन्नरचा खरा ठेवा मला वाटतो तो श्रेणींचा. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना. येथल्या एका लेखात बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवल्याचे नोंदले आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. ज्या बुरुडाला आपण आज दारात उभा ठेवून सुपाचा भाव पाडतो, त्याच्या धंद्याकडे लोक विश्वासाने पैसे ठेवीत होते. श्रेणी म्हणजे युनियनच, असे मी म्हणणार नाही. तिच्यात मागाचे धनीही असतील. आणि तिच्या दाराबाहेर राहिलेल्या मजुराचा लेख मला कोठे आढळलेला नाही.

रात्र एका देवळाच्या ओवरीत काढली. सकाळी नारायणगावला येऊन नाशिकची गाडी धरली आणि पांडवलेणी गाठली. तेथील दहावे लेणे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे. लेखाचे भाषांतर मी वाचनालयातल्या ग्रंथावरून वहीत उतरून नेले होते, ते ओसरीवर वाचून दाखविले. उषवदाताने तीन हजार कार्षापणे कायमची ठेव म्हणून विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली: एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने; दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे वस्त्रासाठी द्यायची.

आमचा एक मागवाला लगेच बोटे मोडू लागला. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू, बारा-बारा. दोनशे चाळीस. "बरोबर आहे," तो म्हणाला, जणू हिशेब आजच तपासायला आला होता.

पुढे वाचले की हे सारे निगमसभेत ऐकविले आणि फलकावर नोंदविले. कोणी काही बोलेना. मग तोच मागवाला म्हणाला, "भाऊ, आपण पण दगडावर लिहून घ्यायला पाहिजे होतं."

सगळे हसले. बऱ्याच महिन्यांनी माझ्यासमोर कोणी तो विषय काढला होता. मी तेथेच, त्या ओसरीवर, चूक माझी होती असे म्हणालो. ठेवी काही परत मिळाल्या नाहीत.

दुसऱ्या वर्षी लोकलने मळवलीस उतरून चालत कार्ल्याला गेलो. तेथील चैत्याच्या प्रवेशाशी धेनुकाकटाचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याचा लेख आहे. लेण्याचे दार त्याने केले. आमच्यातल्या सुताराने त्या दगडाच्या कडेवरून हात फिरवून पाहिला. त्या वेळी आम्ही एकतीस जण होतो.