चेर्वो : पोवळ्यांचे गाव

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगूरिया प्रांताच्या पश्चिम भागात, समुद्रालगतच्या टेकडीवर चेर्वो हे जेमतेम हजार-बाराशे वस्तीचे गाव आहे. खालच्या रस्त्यावरील वर्दळ मागे टाकून दगडी गल्ल्यांतून जसजसे वर जावे, तसतशी शांतता दाट होत जाते. अखेर घरांची दाटी एकाएकी संपते आणि लहानशा चौकापुढे संत योहान बाप्तिस्त याच्या चर्चचा उंच, मध्यभागी आत वळलेला बरोक दर्शनी भाग उभा राहतो. मागे वळून पाहावे तर खाली समुद्र.

एवढ्याशा गावात एवढे भव्य चर्च का, हा प्रश्न अभ्यागताला पडतोच. त्याचे उत्तर चर्चच्या लोकप्रचलित नावात आहे. गावकरी त्याला 'कोराल्लीनींचे', म्हणजे पोवळी काढणाऱ्यांचे, चर्च म्हणतात. जोव्हान्नी बात्तिस्ता मारवाल्दी याच्या आराखड्यानुसार 1686 मध्ये सुरू झालेले हे बांधकाम पुढे सुमारे अर्धे शतक चालले. कॉर्सिका आणि सार्डिनियाच्या समुद्रात पोवळी काढायला जाणाऱ्या खलाशांनी आपल्या कमाईचा वाटा त्यासाठी दिला, अशी परंपरा सांगते. लाकडी क्रूसाला जाळी बांधून तो समुद्रतळावरून ओढीत नेण्याची त्यांची रीत होती. श्रम कष्टाचे, आणि समुद्रतळाची हानी करणारेही. आज युरोपीय संघात या साधनाला बंदी आहे.

येथे भारतीय वाचकाचे कुतूहल जागे व्हावे. नवरत्नांत गणले जाणारे, मंगळाचे रत्न म्हणून आपण बोटात घालतो ते तांबडे पोवळे मूळचे भूमध्य समुद्रातले होय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'आलकंदक' प्रवाळाचा उल्लेख येतो आणि अनेक अभ्यासक या नावाचा संबंध अलेक्झांड्रियाशी जोडतात. रोमनांना मोत्यांचे जेवढे अप्रूप, तेवढे भारतीयांना पोवळ्यांचे, असे इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने नोंदवले. त्याच सुमाराच्या 'पेरिप्लस'मध्ये भडोच बंदरातील आयातीत पोवळे आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत लिव्होर्नो बंदरातील ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातील पोवळी लिस्बनमार्गे गोव्यास पाठवीत आणि मोबदल्यात हिरे मागवीत. त्यांचे गोव्यातील अडते प्रायः सारस्वत ब्राह्मण असत. धर्म वेगळे, देश वेगळे, परस्परांची भेट कधीच नाही. तरी पोर्तुगीज भाषेतील पत्रांच्या आधारावर हा विश्वासाचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

या व्यापाराचा इतिहास मुख्यतः पत्रांतून आणि हिशेबांच्या वह्यांतून लिहिला गेला आहे. म्हणजेच तो लिहिणाऱ्यांचा इतिहास आहे. जाळे ओढणाऱ्याचा हात त्या वह्यांत उमटत नाही. वापरणाऱ्यालाही त्याची आठवण नसते. रत्न अंगावर आले की त्याचे गाव पुसले जाते. आपल्या भाषेने तर पोवळ्याला इतके आपलेसे केले आहे की तो शब्द उच्चारताना परका समुद्र मनात येत नाही. चेर्वोचे महत्त्व मला येथे जाणवते. अनामिक श्रमिकांनी आपली नोंद कागदावर नव्हे, दगडात ठेवली, आणि गावाने ती त्यांच्याच नावाने जपली.

पोवळ्यांच्या होड्या आज नाहीत. 1964 मध्ये हंगेरियन व्हायोलिनवादक शांदोर वेग याने येथे संगीतमहोत्सव सुरू केला आणि चर्चपुढील चौक हे त्याचे व्यासपीठ झाले. श्रोते बसतात त्या पायऱ्यांपाशी उभे राहून पाहिले, तर होड्या ज्या दिशेने जात, तो समुद्र अजूनही समोर दिसतो.