किरणोपचारानंतर लाळेतून बुरशीरोधक औषध किती मिळते?

डोके व मानेच्या कर्करोगावर साधारणतः सहा ते सात आठवड्यांत ६० ते ७० ग्रे इतकी किरणमात्रा दिली जाते. लाळग्रंथी या किरणांच्या कक्षेत आल्या, तर पहिल्या काही आठवड्यांतच लाळ कमी व चिकट होते. एरवी तोंडात निरुपद्रवी राहणारी कॅन्डिडा ही बुरशी त्या कोरडेपणात फोफावते. जिभेची आग व गिळतानाच्या वेदना यांमुळे रुग्णाचे खाणे सुटते, आणि उपचारात खंड पडल्यास कर्करोगावरील नियंत्रणही ढिले होते. भारतीय पुरुषांत मुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळत असल्याने हा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

फ्लुकोनॅझोल हे औषध रक्तातील प्रथिनांना केवळ ११ ते १२ टक्के चिकटते व पाण्यात विरघळते. त्यामुळे ते रक्तातून लाळेत सहज उतरते आणि तेथील त्याची पातळी रक्तातील पातळीच्या जवळपास असते. मात्र पातळी आणि प्रमाण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पातळी तीच राहून लाळ निम्मी झाली, तर तोंडात येणारे औषधही निम्मेच होते. शिवाय ते सर्वत्र पसरविण्यास पुरेशी लाळ उरत नाही. इट्राकोनॅझोलचा सुमारे ९९ टक्के अंश प्रथिनांना बांधलेला असल्याने लाळेत ते नगण्यच आढळते. त्याचे द्रावण तोंडात घोळवून गिळण्याची पद्धत आहे, ती त्याचा थेट स्पर्शाचा लाभ मिळावा म्हणून.

चघळण्याच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्यांची अडचण वेगळी आहे. त्या विरघळायलाच लाळ लागते. कोरड्या तोंडात त्या टोचत राहतात. निस्टॅटिनच्या द्रावणाला लाळेची गरज नसली, तरी त्यात बहुधा साखर असते, आणि लाळेचे संरक्षण गमावलेल्या दातांना ती किडीकडे नेते.

किरणांची तीव्रता नेमकेपणाने नियंत्रित करणाऱ्या तंत्राने लाळग्रंथी काही अंशी वाचवता येतात. ब्रिटनमधील पारस्पोर्ट चाचणीच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभरानंतर लक्षणीय कोरडेपणा जुन्या पद्धतीत ७४ टक्के, तर नव्या तंत्रात ३८ टक्के रुग्णांत आढळला.

फ्लुकोनॅझोल मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. किरणोपचारासोबत दिल्या जाणाऱ्या सिसप्लॅटिनमुळे मूत्रपिंडाला इजा झाली असल्यास औषधाची मात्रा घटवावी लागते. कॅन्डिडा क्रुसेईसारख्या प्रजातींवर तर ते मुळातच निष्प्रभ असते. अशा वेळी लाळेतील पातळी कितीही असली तरी औषधच बदलावे लागते.