डबा, पिंप आणि भट्टी

जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या, की रायगडापासून खाली मंडणगड-दापोलीपर्यंत पोपट्या लागतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मसाल्यात मुरलेली कोंबडी, बटाटे, अंडी आणि तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा. मग मडकं उपडं घालून भोवती पेंढा, झावळ्या, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचाही नाही. शेंगा आपल्याच वाफेत शिजतात आणि पाल्याचा, धुराचा वास त्यांत उतरतो. अलीकडे पुष्कळ अंगणांत हे मडकं गेलं आणि त्याच्या जागी पंधरा किलो खाद्यतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आला. मडकं मिळत नाही, मिळालं तर जाळात तडकतं. डबा मात्र वाण्याकडे किंवा खानावळीत मागितला की मिळतो. पत्रा पातळ असल्यामुळे आच झटकन चढते, म्हणून मडक्याच्या अंदाजाने जाळ ठेवला तर कडेच्या शेंगा करपतात. डब्याची पोपटी लावणाऱ्याला तो अंदाज नव्याने बसवावा लागतो.

टाकाऊ डब्याला चुलीवर चढवण्याची ही रीत नवी नाही. तिची सुरुवात घासलेटाच्या दिव्यापासून होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेचं घासलेट आशियात येऊ लागलं ते चार गॅलनच्या, म्हणजे साधारण अठरा लिटरच्या चौकोनी डब्यांतून. असे दोन डबे एका लाकडी खोक्यात बसत. हा माल विकणाऱ्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे डबे निळे असत. लंडनच्या मार्कस सॅम्युअलने तिच्याशी टक्कर घेण्यासाठी १८९२ मध्ये ‘म्युरेक्स’ हे टाकीचं जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आणलं. तेल मोकळं, ढिगाने आणायचं म्हणजे डबे आणि खोकी यांचा खर्च वाचेल, आपला माल स्वस्त पडेल आणि गिऱ्हाईक आपलं होईल, असा त्याचा हिशेब होता. तेल पोचलं, पण गिऱ्हाईक अडून बसलं. लोकांना तेलाइतकाच डबाही हवा होता! रिकाम्या डब्याचा पत्रा छपरावर जाई. त्याच्या शेगड्या, गाळण्या, पक्ष्यांचे पिंजरे होत. शेवटी सॅम्युअलला ठिकठिकाणी डबे बनवण्याची सोय करावी लागली. त्याचे डबे लाल रंगाचे होते. एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याला आपला बेत बदलायला लावला तो घरोघरच्या काटकसरीने, आणि ही गोष्ट तेलाच्या इतिहासात आणखी ठळक सांगायला हवी.

दापोलीला असा माल पोचायचा मार्ग तेव्हा समुद्राचा. इंग्रजांनी १८१८ नंतर इथे लष्करी छावणी वसवली, तिच्यावरूनच गावाला ‘कॅम्प दापोली’ म्हणू लागले. गावाचं बंदर म्हणजे हर्णै. मुंबईहून निघालेली आगबोट सुवर्णदुर्गासमोर नांगर टाकी आणि माणसं, पोती, डबे पडावांतून किनाऱ्याला लागत. दिव्यात तेल संपलं की डब्याचा दुसरा जन्म सुरू होई. वरचा पत्रा कापून आडवी दांडी बसवली की विहिरीवरचं पाणी वाहायला डबा तयार. झाकण ठेवलं तर तांदूळ-कडधान्याची साठवण. एका अंगाला खिडकी पाडून आत सळ्या टाकल्या की कोळशाची शेगडी.

पिंप त्यामानाने उशिरा आलं. रत्नागिरी आणि सावंतवाडीचं मुंबई गॅझेटियर १८८० मध्ये छापलं गेलं. त्यात कोकणातले धंदे, बंदरं, मासेमारी यांची बारीक नोंद आहे, पण आज दिसतं तसं पोलादी पिंप त्यात असणं शक्यच नव्हतं. त्याची मूळ पेटंटं १९०५ ची. ती हेन्री वेरहान या कारागिराची, आणि तो ज्या कारखान्यात होता तो ब्रुकलिनचा ‘आयर्न क्लॅड’ कारखाना नेली ब्लाय या गाजलेल्या महिला पत्रकाराच्या हाती होता. दुसऱ्या महायुद्धात सुमारे दोनशे लिटरचं हे पिंप जगभर पसरलं. त्रिनिदादच्या पोरांनी त्याच्या बुडावर ठोके देऊन स्टीलपॅन हे वाद्य घडवलं. जमैकात ते उभं चिरून, बिजागरी लावून ‘जर्क’ कोंबडी भाजायची भट्टी झाली. घानाच्या किनाऱ्यावर बायका पिंपाच्या भट्टीतही मासे धुरावत. तिथल्या चोरकोर या कोळीवस्तीत पुढे कमी सरपणात जास्त मासे धुरावणारी सुधारलेली भट्टी तयार झाली, ती अशा जुन्या भट्ट्यांच्या अनुभवावरच. शिकागोत १९५२ मध्ये जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने पाण्यात तरंगणाऱ्या खुणेच्या बोयाचा लोखंडी गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्यात विस्तव आणि वर झाकण अशी शेगडी केली. तिच्यातून पुढे ‘वेबर’ कंपनी उभी राहिली.

हर्णैच्या कोळ्यांना मासळी धुरावण्याची गरज पडली नाही. पावसाळा सरला की आठ महिने कडक ऊन आणि जोडीला मीठ, एवढ्यावर जवळा, बांगडा, मोरी टिकते. त्यामुळे इकडे डब्याने आणि पिंपाने धूर खाल्ला तो मासळीसाठी नाही, काजूसाठी.

काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. बी मात्र सहजासहजी हाती लागत नाही. टरफलाच्या दोन थरांमध्ये दाट, काळपट तेल असतं आणि ते कातडीला लागलं की भाजल्यासारखं सालपट निघतं. काजू हा बिब्ब्याच्या कुळातला, हे तेव्हा नीट कळतं. घरची रीत अशी: जुना डबा उभा कापायचा, तळाला खिळ्याने भोकं पाडायची, तीन दगडांवर आडवा ठेवून खाली जाळ घालायचा आणि त्यात काजूबिया ओतायच्या. वाऱ्याकडे पाठ करून, लांब काठीने बिया सारख्या हलवायच्या. थोड्या वेळात टरफलं चुरचुरू लागतात, तेल पाझरून भोकांतून खाली पडतं आणि जाळ एकदम भडकतो. मग बियाच पेट घेतात. नेमक्या त्या क्षणी डबा उलटा करून बियांवर राख-माती टाकायची. क्षणभर उशीर झाला तर गर करपला, घाई झाली तर तेल शिल्लक राहून बोटं भाजली. बिया निवल्या की बोटांना राख फासून, दगडावर ठेवून एकेक फोडायची.

धंद्याचं प्रमाण वाढलं तसा डब्याऐवजी फिरता ड्रम आला. दोन्ही तोंडं मोकळी असलेलं लोखंडी नळकांडं दगडी भट्टीवर किंचित उतरतं बसवायचं आणि एकाने दांडा धरून फिरवत राहायचं. वरच्या तोंडातून बिया टाकल्या की गडगडत, पेटत खालच्या तोंडातून बाहेर येतात. एकदा ड्रम तापला की बियांच्या तेलावरच तो धगधगत राहतो, सरपण फारसं लागत नाही. बाहेर पडलेल्या बियांवर पाणी शिंपडून राख पसरायची, की फोडणाऱ्या बायकांचं काम सुरू. या कामाला दाद द्यावी तेवढी थोडी. दिवसभर उकिडवं बसून, गर अखंड राहील अशा बेताने ठोका घालायचा आणि डोळ्यांत तो झोंबरा धूर घ्यायचा. अखंड गराला एक भाव, तुकड्याला दुसरा, त्यामुळे सगळी कमाई त्या ठोक्याच्या अंदाजावर. निर्यातीचा गर पंचवीस पौंडांच्या, म्हणजे ११.३४ किलोच्या पत्र्याच्या डब्यांत भरत. हा डबाही अठरा लिटरचाच, घासलेटाच्या डब्याच्या मापाचा.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९५७ पासून काजूवर काम केलं आणि ‘वेंगुर्ला’ नावाच्या जातींनी कोकणच्या बागा भरल्या. दापोलीत १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ झालं, तेव्हा ते केंद्रही त्याच्या छत्राखाली आलं. माल वाढला, लहान कारखाने वाढले आणि ड्रमची जागा बॉयलरने घेतली. आता बिया वाफेवर उकडतात, सुकवतात आणि पायाने दाबायच्या कटरवर कापतात. गर पांढराशुभ्र निघतो, धूर नाही. कामगारांच्या फुप्फुसांचा विचार केला तर हे फार आधी व्हायला हवं होतं. भाजक्या काजूचा खमंगपणा मात्र वाफेच्या गराला येत नाही, हेही खरं.

पिंपांचा ओघ थांबला नाही. रस्त्याच्या कामाची डांबराची पिंपं चिरून, ठोकून सपाट केली की गोठ्याची भिंत होते. तसंच एखादं डिझेलचं पिंप न्हाणीघराच्या चुलीवर चढतं. कर्दे, मुरूड, लाडघरकडे पर्यटक वाढले तशी त्याला आणखी एक वाट फुटली: आडवं ठेवून उभं चिरलेलं, पायांवर चढवलेलं बार्बेक्यूचं पिंप. ज्यांना नुसतं भाजायचं नसून धुरावायचंही आहे, ते त्याच्या बाजूला दुसरी लहान टाकी जोडतात. विस्तव लहान टाकीत, मांस मोठीत. हवा आत घ्यायचं भोक विस्तवाच्या तळाशी आणि धुराडं दुसऱ्या टोकाला, म्हणजे धूर मांसावरून फिरूनच बाहेर पडतो. आच वाढवायची ती लाकूड घालून नाही, हवेचं भोक उघडून. सुमारे ११० अंशांवर कित्येक तास ती स्थिर ठेवता आली, तर भट्टी जमली.

अशी भट्टी करायला घेणाऱ्याने पिंपाचा पूर्वेतिहास आधी विचारावा. डिझेल-पेट्रोलच्या रिकाम्या पिंपात वाफ कोंडलेली असते. त्यावर थेट गॅसकटर किंवा वेल्डिंगची ज्योत लावली तर स्फोट होतो. जाणता कारागीर ते आधी पाण्याने भरतो, नीट धुतो आणि पहिला काप छिन्नीनेच घेतो. रसायनाचं किंवा कीटकनाशकाचं पिंप कितीही घासलं तरी खाण्याच्या कामाला घेऊ नये. चांगल्या पिंपाचाही आतला रंग मोठ्या जाळाने पूर्ण जाळून काढावा लागतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यापासून तर लांबच राहावं. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने दापोली तालुक्यात घरोघरचे पत्रे उडवले आणि असा पत्रा फुकट मिळाला तर मोह होतोच. पण त्यावरचं जस्त तापलं की त्याचा धूर अंगात ताप भरवतो. सरपण आंब्याचं, फणसाचं घ्यावं, नारळाची सोडणं आणि करवंट्याही चालतात. काजूची टरफलं मात्र कितीही छान जळत असली तरी अन्नाखाली घालू नयेत, कारण त्यांच्या तेलाचा जहाल धूर थेट मांसावर बसतो.