बिनतारी जाळ्याचे कच्चे कुलूप

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा ई-मेल आला होता. आयपी पत्त्यावरून माग काढता तो नवी मुंबईत सानपाड्यातील एका घरापर्यंत पोचला आणि तेथील रहिवासी चौकशीच्या फेऱ्यात सापडला. त्याच्या घरच्या वाय-फाय जाळ्याला संरक्षण नव्हते. ते दुसऱ्याच कोणी वापरले होते. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरातील अशी उघडी जाळी शोधण्याची मोहीम हाती घेतली.

कुलूप हवे, हे खरे. पण कोणते?

१९९७ च्या ८०२.११ या मानकात ‘वेप’ नावाचे कुलूप होते. त्यातील ओळख पटवण्याची एक रीत अशी : केंद्र संगणकाला एक आव्हान, म्हणजे यादृच्छिक अंकमाला, उघडपणे पाठवते. संगणक गुप्त किल्लीपासून दुसरी अंकमाला तयार करतो, ती आव्हानात मिळवतो आणि उत्तर धाडतो. उत्तर बरोबर असेल तर प्रवेश.

हे फळ्यावर करून पाहता येईल. हातचा न धरता बेरीज करायची, म्हणजे १ + १ = ०. आव्हान १०११ आणि गुप्त माला ०११०, उत्तर ११०१. आता चोरून ऐकणाऱ्याने आव्हान व उत्तर यांची तशीच बेरीज केली तर? १०११ + ११०१ = ०११०. गुप्त माला हाती आली! किल्ली ठाऊक नसतानाही पुढच्या कोणत्याही आव्हानाला तो बरोबर उत्तर देईल, कारण तीच माला पुन्हा वापरण्यास वेपमध्ये मज्जाव नव्हता. ओळख पटवण्याची ही रीत बंद ठेवणेच त्यामानाने सुरक्षित होते!

दुसरा दोष असा की, प्रत्येक संदेशासाठी बदलणारा अंक केवळ २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख शक्यतांचा होता. वर्दळीच्या जाळ्यात तो लवकरच पुन्हा येई. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन व शमीर यांनी खुद्द किल्लीच शोधण्याचा मार्ग दाखवला. २००७ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथील संशोधकांनी १०४ बिटांची किल्ली एका मिनिटाच्या आत काढून दाखवली. म्हणजे २००८ साली वेप लावलेले घरही फारसे सुरक्षित नव्हते.

२००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आले. त्यांत दोन्ही बाजू दर वेळी नवे अंक देतात, त्यामुळे जुने उत्तर चालत नाही. तरीही ही देवघेव टिपून घेऊन सोपा परवलीचा शब्द घरबसल्या ताडता येतो. २०१८ च्या डब्ल्यूपीए-३ ने ही वाट बंद केली.

भंडारा असो, तुमसर असो की साकोली, शाळेच्या कार्यालयातील राउटरवर यांपैकी कोणते कुलूप आहे, हे मुलांसोबत एकदा पाहावे. ‘वेप’ दिसल्यास ते बदलावे. आपल्या जाळ्यातून कोणी काय पाठवले, याचा पहिला जाब आपल्यालाच विचारला जातो.