केपच्या द्राक्षमळ्यांची सनद

द्राक्षमळ्यांचा इतिहास लिहिताना वेलींच्या जाती, मद्याची कीर्ती आणि मालकांच्या पिढ्या यांचे सविस्तर वर्णन करण्याची प्रथा आहे. परंतु ज्या भूमीवर मळा उभा राहिला तिचे पूर्वीचे रहिवासी कोण होते आणि त्यांची पुढे काय गत झाली, हा प्रश्न त्या वर्णनातून बहुधा गळतो. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांताविषयी लिहिणाऱ्याला तरी तो टाळता येणार नाही, कारण तेथे द्राक्षवेलीचा विस्तार आणि अरण्याची माघार यांचा आरंभ एकाच काळात झाला.

डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना ताजे अन्नपाणी पुरविण्यासाठी यान व्हान रीबेक १६५२ साली टेबल उपसागराच्या काठी उतरला. युरोपातून मागविलेल्या द्राक्षाच्या काड्या १६५५ मध्ये तेथे पोचल्या, आणि केपच्या द्राक्षांपासून पहिले मद्य निघाल्याची नोंद त्याने २ फेब्रुवारी १६५९ रोजी कृतज्ञतेने आपल्या रोजनिशीत केली. त्याच वर्षी, आपली गायराने नांगराखाली गेली म्हणून, खोईखोई या पशुपालक लोकांनी शस्त्र उचलले. भूमी दोघांना अपुरी पडत असेल तर मागे कोणी सरावे, मूळ धन्याने की परक्याने, असे त्यांनी तहाच्या वाटाघाटींत विचारले. हा प्रश्न डचांच्या दप्तरात नमूद झाला, जमीन मात्र परत मिळाली नाही. वसाहतीच्या सरहद्दीवर १६६० साली रानबदामाचे जे कुंपण लावण्यात आले, त्याचा काही भाग केपटाउनच्या कर्स्टनबॉश उद्यानात आजही जिवंत आहे.

कुंपणापलीकडच्या वन्य प्राण्यांशी तर तहाचाही प्रश्न नव्हता. सिंह आणि बिबळे मारणाऱ्यास कंपनीने इनाम लावले. १६८८ मध्ये फ्रान्समधून परागंदा झालेले ह्यूगनॉट ज्या खोऱ्यात द्राक्षे लावू लागले, ते आज फ्रान्सहुक म्हणून विख्यात असले, तरी पूर्वी हत्तींच्या नावाने ओळखले जात असे. शिकार आणि गव्हा-द्राक्षांची वाढती लागवड यांच्या कचाट्यात सापडलेला निळसर वर्णाचा ब्लूबक हरिण १८०० च्या सुमारास निर्वंश झाला. केपचा सिंह एकोणिसाव्या शतकात संपला. आणि क्वागा या अर्धपट्टेरी झेब्र्याची अखेरची मादी १२ ऑगस्ट १८८३ रोजी, आपल्या मायभूमीपासून दूर, आम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

या इतिहासाचे सार पाहावयाचे असेल तर हॉटेन्टॉट्स-हॉलंड पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या व्हर्गेलेगन या मळ्याकडे पाहावे. गव्हर्नर विलेम आड्रियान व्हान डर स्टेल याने १७०० साली ही जमीन आपल्या नावे करून घेतली, आणि कंपनीचे नोकर व गुलाम राबवून तेथे लाखो वेली लावल्या. केपच्या मळ्यांवर राबणाऱ्या अशा गुलामांत बंगाल, मलबार आणि चोळमंडळ किनाऱ्यांवरून नेलेले आपले देशबांधवही होते, हे भारतीय वाचकाने विसरू नये. गव्हर्नर मद्य आणि मांस यांचा व्यापार बळकावीत आहे, अशी अर्जी मुक्त नागरिकांनी १७०६ मध्ये कंपनीच्या वरिष्ठांकडे केली. पुढल्या वर्षी तो बडतर्फ झाला आणि मळ्याचे चार भाग करून ते विकण्यात आले. सत्तेच्या अपहाराविरुद्ध इतक्या निकराने झगडणाऱ्या त्या नागरिकांच्या तक्रारीत ना गुलामांच्या मुक्तीची मागणी होती, ना खोईखोईंच्या गायरानांची. मग रानाची कोठून असणार?

पुढे इमारती लाकडासाठी आणि कातडी कमावण्याच्या सालीसाठी पाइन व ऑस्ट्रेलियन बाभळी आणल्या गेल्या. फिन्बॉस हे तेथील मूळ झुडपी रान निकस मातीत आणि ठरावीक काळाने लागणाऱ्या वणव्यांच्या लयीवर वाढते. परकी झाडे त्याला दडपून टाकतात, ओढ्यांचे पाणी शोषतात आणि वणवा अधिक दाहक करतात. केपच्या या वनस्पतिप्रदेशात सुमारे ९,००० जाती असून त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जगात अन्यत्र कोठेही उगवत नाहीत. आणि दक्षिण आफ्रिकेतील द्राक्षलागवडीपैकी फार मोठा भाग नेमका याच प्रदेशात आहे. १९९४ नंतर परदेशी बाजारपेठा खुल्या झाल्या, नव्या मळ्यांसाठी डोंगरउतार नांगरले जाऊ लागले, तेव्हा उरलेले रानही जाते की काय, अशी भीती निर्माण झाली.

तिच्यातूनच २००४ साली मद्योत्पादक आणि निसर्गसंरक्षक संस्था यांच्यात एक करार जुळून आला. मळेवाल्याने अस्पर्श रान मोडू नये, आपल्या जमिनीचा काही भाग कायम राखीव ठेवावा, परकी झाडे काढावीत, असे त्याचे स्वरूप होते. व्हर्गेलेगन त्यात अग्रभागी राहिला: सुमारे ३,००० हेक्टरांच्या या इस्टेटीत सुमारे २,२०० हेक्टरांवरून परकी झाडे हटविण्याचे काम हाती घेण्यात आले. मळ्यांतूनही वहिवाट पालटू लागली. वेलींच्या ओळींमध्ये आच्छादन पिके पेरली की मातीची धूप थांबते आणि किडींचे भक्षक कीटक तेथे आश्रय घेतात. स्टेलेनबॉशनजीकच्या एका जुन्या मळ्यात वेलींवरील गोगलगायी टिपण्यासाठी बदकांचे कळप सोडले जातात. यात मळेवाल्याचे औदार्य नाही, हित आहे. ओढा वाहता राहिला तरच वेल जगते.

ब्लूबक परत येणार नाही, खोईखोईंची गायराने परत मिळालेली नाहीत, आणि राखलेल्या रानाने त्या ऋणाची फेड झाली असे कोणी मानू नये. तरीही मला हा करार मोलाचा वाटतो. १७०० च्या सनदेत मालकाला जमिनीवरचे हक्क मिळाले होते. तीन शतकांनंतर त्याच जमिनीवरच्या रानाविषयी त्याची काही कर्तव्येही लेखी झाली. मालकी म्हणजे इतरांना हाकलण्याचा अधिकार, ही समजूत केपच्या भूमीवर फार महागात पडली. जमीन ज्यांच्यामुळे जिवंत राहते त्यांचा वाटा राखणे हाही मालकीचाच भाग आहे, हे जेथे मान्य होते, तेथेच शेतीला भविष्य आहे.